जुने मेंडोलिन आणि अजिंठ्याचे वॉर्निश

अजिंठा म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे लेणी उभी राहतात. परंतु लेण्यांपासून दहा-बारा किलोमीटरवर, घाटमाथ्यावर, अजिंठा नावाचे एक नांदते गावही आहे. त्याला जुनी तटबंदी आहे, वेशी आहेत आणि बाजारही आहे. गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर एका आजारी माणसाला भेटण्यासाठी आम्ही त्या गावी गेलो होतो. परतताना जुने सामान विकणाऱ्या एका दुकानापाशी आमची पावले थबकली. काळवंडलेल्या समया आणि बंद पडलेली घड्याळे यांच्यामध्ये, खिळ्याला टांगलेले एक मेंडोलिन होते. आठ तारांपैकी तीनच शिल्लक होत्या, त्याही गंजलेल्या. घोडी जागेवरून सरकली होती. तबलीवर एक लांब चीर गेली होती. "कोण्या बँडवाल्याचं व्हतं, साहेब. दोन हजार द्या," दुकानदार म्हणाला. घासाघीस होऊन १२०० रुपयांना ते आमच्या हाती आले.

आमच्याबरोबर गायकवृंदात कीबोर्ड वाजवणारा एक तरुण होता. मोटारीत ते मांडीवर घेऊन तो म्हणाला, "फादर, वरून मस्त पॉलिश मारून घेऊ. एकदम नव्यासारखं दिसेल."

आम्ही "नाही" म्हणालो, आणि ते जरा मोठ्यानेच म्हणालो. पोरगा चपापला. त्याचा काहीच दोष नव्हता. त्या 'नाही'च्या मागे दोन गोष्टी होत्या. एक आमच्याच हातून घडलेली चूक आणि दुसरी, अजिंठ्याच्या भिंतींवर शंभर वर्षांपूर्वी घडलेली. वाचकांपुढे त्या दोन्ही ठेवाव्यात, म्हणून हा लेखनप्रपंच. मात्र त्याआधी या वाद्याचे कुळ सांगायला हवे.

मेंडोलिन हे इटलीचे अपत्य. अठराव्या शतकात नेपल्स शहरातील विनाचिया घराण्याच्या कारागिरांनी त्याला घाट दिला तो असा: लाकडाच्या अरुंद पट्ट्या एकमेकींना चिकटवून घडवलेली, उभ्या कापलेल्या भोपळ्यासारखी पाठ; वर पातळ तबली; आखूड दांडी आणि तिच्यावर तारांच्या चार जोड्या. या चार जोड्या व्हायोलिनच्या चार तारांच्याच सुरांत लावतात. त्यामुळे व्हायोलिनवर बसलेली बोटे मेंडोलिनवर परकी ठरत नाहीत. पुढे एकोणिसाव्या शतकात त्याच घराण्यातील पास्क्वाले विनाचिया यांनी पोलादी तारांचा ताण पेलेल अशी वाद्याची बांधणी केली आणि त्याचा आवाज टणत्कारी झाला.

आम्हा धर्मगुरूंना या वाद्याविषयी जिव्हाळा वाटावा असे आणखी एक कारण आहे. थोर संगीतकार अंतोनिओ विवाल्डी हे व्हेनिसचे धर्मगुरू होते. १७०३ साली त्यांना गुरुदीक्षा मिळाली आणि त्याच वर्षी ते तेथील 'पिएता' या अनाथ मुलींच्या आश्रमात व्हायोलिन शिकवू लागले. प्रकृतीच्या कारणाने त्यांचे मिस्सा अर्पण करणे लवकरच थांबले, परंतु त्यांचे संगीत थांबले नाही. त्यांच्या शेकडो रचनांत एका मेंडोलिनसाठी एक आणि दोन मेंडोलिनांसाठी एक असे दोन कन्चेर्तो आहेत आणि ते आजही जगभर वाजवले जातात. त्यांच्या काळचे वाद्य आजच्याहून नाजूक होते, त्याला आतड्याच्या तारा असत. १७८७ साली मोझार्ट यांनी 'डॉन जिओव्हान्नी' या संगीतिकेतील एका प्रेमगीताच्या साथीला मेंडोलिनच योजले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इटलीची राणी मार्गारिता हिलाही या वाद्याचा छंद होता. अशा रीतीने अनाथाश्रमापासून राजवाड्यापर्यंत त्याचा संचार झाला. देशांतर करणाऱ्या गरीब इटालियन कुटुंबांनी ते समुद्रापार नेले. अमेरिकेत ऑर्व्हिल गिब्सन यांनी भोपळ्यासारखी पाठ टाकून देऊन कोरीव, किंचित फुगीर पाठीचे मेंडोलिन बनवले आणि १९०२ साली त्यांच्या नावाची कंपनी उभी राहिली. आपल्याकडे आज दिसतात ती मेंडोलिनेही बहुधा चपट्या पाठीचीच असतात.

आपल्या किनाऱ्यावर या वाद्याचे स्वागत व्हायला जमीन आधीच तयार होती. सोळाव्या शतकापासून गोव्यातील चर्चच्या शाळांतून मुलांना स्वरलेखन वाचायला आणि व्हायोलिन वाजवायला शिकवीत असत. तेथील मिस्तीर म्हणजे गायनमास्तर हा गावाचा मानाचा माणूस असे. या शाळांतून तयार झालेले वादक पोटापाण्यासाठी मुंबईस आले, धोबीतलावच्या कुडांत राहिले आणि पुढे हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदाचा कणा बनले. माजोर्डा गावचे अँथनी गोन्साल्विस (१९२७–२०१२) हे त्यांतले मोठे नाव. त्यांचे शिष्य प्यारेलाल यांनी १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी' या चित्रपटात गुरूचे नाव घराघरांत नेले. प्यारेलाल यांचे जोडीदार लक्ष्मीकांत कुडाळकर (१९३७–१९९८) यांनी तर बालवयात मेंडोलिन वाजवूनच चित्रपटसंगीतात पाऊल ठेवले. सज्जाद हुसेन (१९१७–१९९५) या मनस्वी संगीतकाराने पडद्यांच्या या परदेशी वाद्यावर हिंदुस्थानी रागदारीची मींड काढून दाखवली. दक्षिणेत पालकोल गावच्या यू. श्रीनिवास (१९६९–२०१४) या मुलाने सहाव्या वर्षी वडिलांचे मेंडोलिन उचलले आणि कर्नाटक संगीताच्या मंचावर त्याला कायमची जागा मिळवून दिली. १९९५ साली आलेल्या 'दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे' या चित्रपटातील नायकाच्या हाती मेंडोलिन पाहून अनेक तरुणांनी ते विकत घेतले. मग कीबोर्ड आला. एका कळीत तो पन्नास वाद्यांचे आवाज काढू लागला आणि मेंडोलिने खिळ्याला टांगली गेली.

ख्रिस्तसभेनेही वाद्यांच्या बाबतीत मोठा प्रवास केला आहे. पोप दहावे पायस यांनी २२ नोव्हेंबर १९०३ रोजी, म्हणजे संगीताची आश्रयदाती संत सेसिलिया हिच्या सणादिवशी, धार्मिक संगीताविषयी आज्ञापत्र काढले. चर्चमध्ये पियानो तसेच ढोल, झांजा यांसारखी गोंगाटाची वाद्ये नकोत, असा त्याचा कटाक्ष होता. पुढे ४ डिसेंबर १९६३ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनेविषयीच्या संविधानात ऑर्गनचा मान राखून, योग्य ती अन्य वाद्येही उपासनेत आणण्याची मुभा दिली. ५ मार्च १९६७ च्या संगीतविषयक सूचनापत्राने त्या-त्या लोकांची संस्कृती व परंपरा ध्यानी घ्यावी असे सुचवले. आज आपल्या मिस्सामध्ये तबला, पेटी, टाळ ऐकू येतात त्यामागे हा साठ वर्षांचा इतिहास आहे.

हा इतिहास आम्हाला प्रथम समजावून दिला तो सेमिनरीतील प्राध्यापकांनी नव्हे, तर एका म्हाताऱ्या धर्मशिक्षकाने. त्यांना सारे गाव 'मास्तर' म्हणत असे, आम्हीही म्हणत असू. नव्याने गुरुदीक्षा घेऊन आम्ही मराठवाड्यातील एका लहानशा धर्मग्रामात गेलो तेव्हा त्यांनी सत्तरी गाठली होती. तरुणपणी ते काही वर्षे मुंबईस गिरणीत होते आणि तेथल्या चोरबाजारात त्यांनी एक मेंडोलिन घेतले होते. "फादर, तेव्हा हे देवळात न्यायची सोय नव्हती. घरी भजनाला वाजवायचो. परिषद झाली, मग एका नाताळला तेव्हाच्या फादरांनी स्वतः सांगितलं, मास्तर, तुमचं ते खोकं घेऊन या," असे ते हसत सांगत. तेव्हापासून दर रविवारी, वेदीच्या उजव्या बाजूस भिंतीला टेकून, ते वाजवीत आले होते. वाद्याचे रूप मात्र केविलवाणे होते. जेथे त्यांचा मनगटाचा भाग टेके तेथला रंग पार झिजून पांढरे लाकूड उघडे पडले होते.

त्या वर्षी धर्मग्रामाचा मोठा उत्सव होता. चर्चला रंग दिला होता, बाकांना पॉलिश केले होते. मग मास्तरांचे वाद्य तेवढे मळकट का राहावे? आम्ही ते त्यांच्याकडून मागून घेतले आणि शहरातील फर्निचर पॉलिश करणाऱ्या एका कारागिराकडे नेले. "चकचकीत करा," एवढेच सांगितले. त्याने सांगितल्याप्रमाणे केले. जुना थर पॉलिशकागदाने घासून काढला, नव्या लॅकरचे जाड थर दिले आणि हलते म्हणून घोडीही तबलीला पक्की चिकटवून टाकली. उत्सवाच्या आदल्या संध्याकाळी आम्ही अभिमानाने ते मास्तरांच्या हाती दिले. त्यांनी ते दोन्ही हातांनी घेतले, एक ओळ वाजवली. सूर उमटला तो पाण्याखालून आल्यासारखा. ते क्षणभर गप्प राहिले आणि म्हणाले, "छान दिसतंय, फादर."

दुसऱ्या दिवशी त्यांनी ते वाजवले नाही; बोटे दुखतात म्हणाले. त्यानंतर कधीच आणले नाही. दोन वर्षांनी ते प्रभूकडे गेले. ते वाद्य पुढे कोठे गेले हे त्यांच्या घरच्यांना विचारण्याचे धैर्य आम्हाला कधी झाले नाही.

काय बिघडले होते ते आम्हाला पुष्कळ उशिरा कळले. मेंडोलिनची तबली जेमतेम दोन-तीन मिलिमीटर जाडीची असते. तारांचे कंपन घोडीवाटे तिच्यात उतरते आणि ती थरथरते म्हणूनच आवाज घुमतो. तिच्यावर जाड, टणक थर चढवला की ती जड होते. घोडी तर मुळी चिकटवायचीच नसते. तारांच्या दाबानेच ती जागी बसते आणि सूर जुळवण्यासाठी तिला केसभर पुढे-मागे सरकवावे लागते. आमच्या हौसेने त्या वाद्याचा कंठच बंद केला होता.

आता अजिंठ्याची गोष्ट. २८ एप्रिल १८१९ रोजी जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याच्या नजरेस ही लेणी पडली आणि विस्मृतीत गेलेला हा ठेवा जगापुढे आला. १८४४ साली कंपनी सरकारने रॉबर्ट गिल यांना भित्तिचित्रांच्या नकला करण्याचे काम दिले आणि त्यांनी आयुष्याची पुढील अनेक वर्षे याच परिसरात काढली. त्यांच्या नकला लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडल्या होत्या. १८६६ च्या आगीत त्यांतल्या बहुतेक जळाल्या. त्यानंतर मुंबईच्या कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनी आपल्या विद्यार्थ्यांसह १८७२ ते १८८५ या काळात पुन्हा नकला केल्या. त्यांपैकीही पुष्कळ १८८५ साली लंडनमध्येच जळाल्या. परंतु त्या कामाची एक खूण लेण्यांत मागे राहिली. नकला करताना धुरकटलेले रंग उठून दिसावेत म्हणून मूळ चित्रांवर वॉर्निश चढवले गेले होते.

लेणी तेव्हा हैदराबाद संस्थानात होती. निजाम सरकारने पुरातत्त्व खाते स्थापून गुलाम याझदानी यांना त्याचे प्रमुख केले. गिलाव्याचे पोपडे सुटत होते, रंग झडत होता. तेव्हा १९२० मध्ये थेट इटलीहून लोरेन्झो चेक्कोनी आणि त्यांचे सहकारी काउंट ओर्सिनी या तज्ज्ञांना पाचारण करण्यात आले. त्यांनी दोन हिवाळे तेथे काम केले. त्यांना श्रेय द्यायलाच हवे. सुटू लागलेला गिलावा त्यांनी भिंतीला पुन्हा धरवला, कडा सांधल्या, आणि त्यामुळे पुष्कळ चित्रे वाचली. मात्र रंग टिकावेत व उजळ दिसावेत म्हणून त्यांनी चित्रांवर लाखेचा, म्हणजे आपले सुतार चपड्याचे पॉलिश म्हणतात त्याच जातीचा, थर दिला. आरंभी चित्रे झळकली. काही वर्षांनी तो थर पिवळा, मग तपकिरी पडत गेला. त्याच्यावर धूळ व काजळी बसली. अजिंठ्याची चित्रे मातीच्या गिलाव्यावर चुन्याची पातळ सफेती देऊन, ती वाळल्यावर रंगवलेली आहेत. अशा भिंतीवर असा थर बसला की तो आकसताना खालचा रंगही ओढू लागतो.

संस्थान विलीन झाल्यावर लेणी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे आली आणि रसायनतज्ज्ञांच्या पिढ्यांनी तो थर अत्यंत जपून, कापसाच्या बोळ्याने, तसूतसूने काढण्याचे काम केले. १९८३ साली ही लेणी जागतिक वारसा म्हणून घोषित झाली. आज पहिल्या क्रमांकाच्या लेण्यात पद्मपाणीपुढे उभे राहिले, की त्याच्या अंगकांतीचा जो सौम्य रंग दिसतो तो कोणी नव्याने दिलेला नाही. वरचे काढत गेल्यावर जे मूळचे उरले, तेच आपण पाहतो. सतराव्या लेण्यात आकाशमार्गे जाणारे दिव्य वादक आहेत. त्यांच्यापुढे आम्ही कित्येकदा उभे राहिलो आहोत, आणि प्रत्येक वेळी आम्हाला मास्तरांची आठवण झाली आहे. त्या इटालियन तज्ज्ञांचा हेतू निर्मळ होता. आमचाही होता. परंतु त्यांनी निदान पोपडे तरी सांधले होते. आम्ही फक्त चकाकी दिली होती.

हे सारे मनात असल्याने या वेळी आम्ही घाई केली नाही. आमच्या भागातील एक वृद्ध मिस्त्रीचाचा पेट्या आणि सतारी दुरुस्त करतात. त्यांच्याकडे त्या तरुणाला घेऊन गेलो. चाचांनी मेंडोलिन डोळ्यासमोर बंदुकीसारखे धरून दांडी न्याहाळली. "दांडी सीधी है, फादरसाब. इसमें जान बाकी है," ते म्हणाले. जुने मेंडोलिन घेताना पाहायचे ते हेच: दांडी वाकलेली नाही ना, तबली घोडीखाली खचलेली नाही ना. आठही तारा चढल्या की मिळून सत्तर किलोच्या आसपास ताण असतो. दांडी आणि तबली यांनी तो सोसायचा असतो. या दोहोंत खोट असेल तर वाद्य फुकट मिळाले तरी महाग पडते. तारा, खुंट्या, घोडी यांचे तसे नाही. ती पुन्हा मिळतात.

तबलीची चीर चाचांनी सरसाने सांधली. बाजारात क्षणात चिकटणारे गोंद मिळतात, ते का नको, असे पोराने विचारले. चाचा म्हणाले, "बेटा, सरस ऊब आणि ओल लागली की सुटतो. उद्या माझ्याहून चांगला कारागीर आला, तर त्याला माझं काम उकलता आलं पाहिजे." आतून एक पातळ पट्टी चिरेला आधार म्हणून लावली आणि रात्रभर शिकंजात ठेवली. खुंट्यांच्या दातऱ्यांतील गंज ब्रशने काढून तेलाचा एकेक थेंब सोडला. झिजलेले पडदे कानशीने सारखे केले. नव्या तारा चढवल्यावर घोडी जागी बसवायची होती. वरच्या टोकापासून बाराव्या पडद्यापर्यंत जेवढे अंतर, जवळपास तेवढेच तेथून घोडीपर्यंत हवे. मोकळी तार आणि बाराव्या पडद्यावर दाबलेली तार यांचे सूर वर-खाली नेमके जुळेपर्यंत पोरगा ती घोडी केसाकेसाने सरकवीत बसला होता. असा तास-दीड तास गेला. तारा व मजुरी मिळून ९०० रुपये झाले. खरेदी धरून सारा खर्च २१०० रुपये.

शेवटी चाचांनी विचारले, "पॉलिश?" आम्ही काही बोलण्याआधीच पोरगा म्हणाला, "नको, चाचा. कोरड्या फडक्याने पुसा फक्त."

दुरुस्तीचा असाच एक किस्सा आमच्या वाचनात आला आहे. अमेरिकेतील लोकसंगीताचे अध्वर्यू बिल मन्रो यांनी १९४० च्या दशकात मायामीतील एका न्हाव्याच्या दुकानात १९२३ सालचे एक गिब्सन मेंडोलिन दीडशे डॉलरला घेतले. १९८५ साली कोणी घरात शिरून त्याचे तुकडे तुकडे केले. कारागिरांनी काही महिने खपून त्या चिरफळ्या जोडल्या आणि मन्रो यांनी पुढे अखेरपर्यंत तेच वाजवले. नवे घेणे त्यांना अवघड नव्हते. पण चाळीस वर्षे ज्या लाकडातून आपले संगीत निघाले, त्याला दुसरे लाकूड पर्याय होत नाही.

आपल्या घराघरांत अशी वाद्ये असतील. आजोबांचे व्हायोलिन असेल, मामांची पेटी असेल, माळ्यावर पडलेले एखादे मेंडोलिनही असेल. ती फेकू नका, ही पहिली विनंती. ती चकचकीत करू नका, ही दुसरी. जाणत्या कारागिराकडे न्या आणि जेवढे मोडले आहे तेवढेच सांधून घ्या. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना त्यांविषयी विचारायचे असेल, तर ते आजच विचारा. ही तिसरी विनंती करण्याचा अधिकार आम्हाला आमच्या चुकीने दिला आहे.

ते मेंडोलिन प्रथम वाजले २ नोव्हेंबरला, सर्व मृतांच्या स्मरणदिनी. मिस्सापूर्वी मृतांच्या नावांची यादी वाचतात. त्या वर्षी आम्ही तिच्यात एक नाव आपल्या हाताने लिहिले होते. ते ऐकून गायकवृंदातील कोणालाच काही उमगले नाही, कारण मास्तरांना तेथे कोणी पाहिले नव्हते. अर्पणाच्या गीताला पोराने कीबोर्ड बंद ठेवला आणि मेंडोलिन घेतले. आवाज मोठा नव्हता, मागच्या बाकांपर्यंत धड पोचतही नव्हता. पण तो मोकळा होता. तबलीवर सांधलेली चीर वेदीपासूनही दिसत होती.